घरगुती पाळणाघरात मूल ठेवताय? मग रोजच्या या गोष्टी आधीच ठरवून घ्या

घरगुती पाळणाघर म्हणजे कुणाचं तरी राहतं घर असतं, एवढं जरी आईबाबांच्या डोक्यात पक्कं बसलं ना तरी पुढचे निम्मे वाद होत नाहीत. मोठ्या डे-केअरमधे एक बाई आजारी पडली तर दुसरी येते, दारावर कुणीतरी असतं, उशीर झाला तर संध्याकाळची शिफ्ट असते. इथे एकच बाई असते, फार तर जोडीला एक मदतनीस, तिचंच स्वयंपाकघर, तिचंच बाथरूम, आणि मुलं गेली की त्याच हॉलमधे तिच्या घरची माणसं जेवायला बसणार असतात. त्यामुळे तुमचा २० मिनिटांचा उशीर, तुमच्या मुलाचा ताप, तुमचं न सांगता सुट्टी घेणं हे सगळं थेट तिच्यावर आणि बाकीच्या मुलांवर येतं, मधे सांभाळून घ्यायला कुणीच नसतं.

मी स्वतः घरी पाळणाघर चालवते, म्हणजे थोडीफार बाजू घेऊन लिहिणार हे धरूनच वाचा. पण आईबाबांनी काय बघायचं, काय विचारायचं, कुठे आमचं ऐकायचं नाही हेही सांगते.

आधी बघून या, आणि मुलं असताना या

रविवारी चहाच्या वेळी येऊन घर बघून गेलात तर तुम्हाला फक्त आवरलेलं घर दिसतं. दुपारच्या जेवणाच्या आधीची वेळ मागा. तेव्हा एक रडत असतं, एकाला झोप आलेली असते, एकाचा डायपर भरलेला असतो, आणि त्या अर्ध्या तासात ती बाई मुलांशी कशी बोलते ते ऐकलंत की बाकी काही विचारायची फारशी गरज पडत नाही. तिने जर "मुलं असताना कुणालाच आत घेत नाही" म्हणून ठाम नकार दिला तर पुढचं घर बघा. एका वेळी एकाच पालकाला घेईन, आधी ठरवून या, असं म्हणाली तर ते बरोबर आहे.

आत गेल्यावर नजर खाली ठेवा, मुलाच्या उंचीवर. बाथरूममधे भरलेली बादली आहे का बघा, कारण तान्ह्या आणि नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला बुडायला काही सेंटिमीटर पाणीसुद्धा पुरतं. फरशी पुसायचं लिक्विड, घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या, जिना, खिडकीचे गज, आणि हो, रिमोटमधल्या त्या चपट्या बटण सेलकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो गिळला तर अन्ननलिका आतून भाजायला दोन तासही लागत नाहीत, म्हणून त्या रिमोटचं झाकण स्क्रूने बंद आहे का हे विचारायला लाजू नका.

मग माणसांबद्दल विचारा. घरात आणखी कोण राहतं, दिवसा कोण येतं-जातं, कुणी सिगरेट ओढतं का, कुत्रा-मांजर आहे का, एकूण मुलं किती आणि त्यात अजून चालता न येणारी किती. एका माणसाने किती लहान मुलं सांभाळावीत याचे आणि नोंदणी-परवान्याचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, तुमच्याकडचे काय आहेत ते आधी शोधून जा म्हणजे तिचं उत्तर तुम्हाला तपासता येईल. आणि एक प्रश्न जो जवळपास कुणीच विचारत नाही, तो म्हणजे ताई, तुम्हीच चक्कर येऊन पडलात तर काय? चांगल्या पाळणाघरवालीकडे याचं उत्तर तयार असतं. शेजारची कोण येईल, तिच्याकडे किल्ली आहे का, पालकांचे नंबर कागदावर कुठे लावलेत. फक्त तिच्या लॉक असलेल्या मोबाईलमधे नंबर असतील तर त्याचा त्या वेळी काही उपयोग नाही.

ठरलेलं कागदावर घ्या

"आपल्यात काय लिहायचं" हे वाक्य ऐकलं की मला तरी धडकी भरते, कारण वाद नेमका तिथेच होतो. दोन पानं पुरतात. त्यात हे एवढं असू दे:

– उघडायची आणि बंद व्हायची वेळ, आणि उशिराचे पैसे किती मिनिटांनंतर आणि किती
– महिन्याची फी, कुठल्या तारखेपर्यंत, मूल आलं नाही तर कापली जाते की नाही
– तिच्या सुट्ट्या, तुमच्या सुट्ट्या, आणि ती अचानक आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे
– जेवण-दूध कुणाचं, डायपर कुणाचे
– आजारी मुलाला कधी घेणार नाही, आणि फोन आल्यावर तुम्ही किती वेळात पोचायचं
– मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं
– फोटो काढायचे का, कुणाला पाठवायचे
– मुलाला घराबाहेर न्यायचं झालं तर, अगदी खाली बागेतसुद्धा, विचारायचं की सांगायचं
– बंद करायचं झालं तर दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचं

फीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण यावर सगळ्यात जास्त कुरबुर होते. मूल चार दिवस आलं नाही तर चार दिवसांचे पैसे का द्यायचे, हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. कारण फी त्या जागेची असते. तुमचं मूल आलं नाही म्हणून ती त्या चार दिवसांसाठी दुसरं मूल आणू शकत नाही, आणि मदतनीस बाईचा पगारही तेवढाच जातो. पण हेच उलटंही लागू आहे बरं का, ती स्वतः आठवडाभर गावाला गेली तर पूर्ण फी मागणं मला पटत नाही. वर्षातल्या ठराविक सुट्ट्या पगारी आणि त्यावरच्या कापायच्या असं ठरवून टाकलं की दोघंही सुखी.

याच्यासोबत एक वेगळा कागद मुलाच्या माहितीचा. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, वजन, अ‍ॅलर्जी, लसीकरणाच्या कार्डाची कॉपी, डॉक्टरांचा नंबर, आईबाबांचे नंबर आणि आईबाबा दोघंही उचलत नसतील तर तिसरा नंबर. हा तिसरा माणूस त्याच गावातला असावा, फोनवरून काळजी करणारा लांबचा नको, अर्ध्या तासात येऊन मूल घेऊन जाईल असा पाहिजे. वजन दर दोन-तीन महिन्यांनी बदलून द्या, ते का ते औषधाच्या भागात येईलच.

सुरुवातीचे दोन आठवडे

सोमवारी ऑफिस जॉइन करायचं आणि सोमवारीच मूल पहिल्यांदा पाळणाघरात, हे कृपा करून करू नका. ऑफिसच्या दोन आठवडे आधी सुरू करा. पहिला दिवस तासभर, तुम्ही तिथेच बसलेले, पण मुलाशी खेळायचं नाही, कोपऱ्यात बसून राहायचं, तो फिरून परत येऊन तुम्हाला हात लावून जाईल तेवढं पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधेच पंधरा-वीस मिनिटं बाहेर जाऊन या, सांगून जा. मग दोन तास, मग जेवण तिथे, मग जेवण आणि झोप दोन्ही तिथे. झोप सगळ्यात शेवटी ठेवा कारण अनोळखी घरात जेवण्यापेक्षा झोपणं मुलाला जास्त अवघड जातं.

आठ महिन्यांच्या आसपास मुलांना आईबाबा दिसेनासे झाले की घाबरायला होतं आणि ते साधारण दीड वर्षापर्यंत चांगलंच टिकतं, काहींचं त्यापुढेही. म्हणून सहा महिन्यांचं बाळ हसत हसत कुणाकडेही गेलं आणि तेच दहाव्या महिन्यात दारातच किंचाळायला लागलं तर लगेच "तिथे कुणी मारतंय का" असं मनात आणू नका. संशय घ्यायची लक्षणं वेगळी असतात, ती शेवटी लिहिते.

घरून एखादी वापरलेली वस्तू द्या, आईची ओढणी, रोजचं मऊ खेळणं काहीही, धुतलेली नसली तरी चालेल, उलट नकोच धुऊ, त्या वासासाठीच तर ती हवी असते. फक्त एक वर्षाखालच्या बाळाच्या अंथरुणात ती ठेवायची नाही, जागं असताना हातात द्यायची.

बॅग आदल्या रात्री

सकाळी बॅग भरणाऱ्या घरातून मूल हमखास एकाच सॉक्समधे येतं. रात्री भरा. कपड्यांचे दोन पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसकट, शू शिकवणं चालू असेल तर चड्ड्या चार-पाच. दिवसभराचे डायपर मोजून वर दोन जास्त. वाइप्स, रॅशचं क्रीम, ओले कपडे घालायला एक प्लास्टिकची पिशवी, पाण्याची बाटली, झोपायची चादर. चादर आठवड्याला धुवायला घरी न्यायची, आणि सोमवारी परत आणायची, ही दुसरी गोष्ट लोक विसरतात.

सगळ्यावर नाव. सगळ्यावर म्हणजे बाटली वेगळी, बाटलीचं झाकण वेगळं, डबा, डब्याचं झाकण, चमचा, दोन्ही चपला. एकाच रंगाच्या चार झाकणांमधून तुमचं कुठलं हे आम्ही वासावरून तर नाही ना ओळखणार. कपड्याच्या आत मार्करने, प्लास्टिकवर चिकटपट्टी लावून तिच्यावर.

जे नको तेही सांगते. सोन्याचं काही नको, गळ्यात दोरा-माळ नको कारण झोपेत आणि घसरगुंडीवर ती अडकते, सुट्या मण्यांच्या क्लिपा नकोत, लांब नाड्यांचे स्वेटर नकोत. आणि महागडं खेळणं, जे तुटलं तर तुम्हाला वाईट वाटेल, ते घरीच राहू दे.

सकाळी दारातली पाच मिनिटं

पाळणाघराचा सगळा दिवस या पाच मिनिटांवर चालतो. मला चार गोष्टी कळल्या की बास: रात्री झोप कशी झाली, सकाळी शेवटचं दूध किंवा खाणं किती वाजता, शी झाली का, आणि काही औषध दिलंय का व किती वाजता. दारात गडबड असते, मागे दुसरे पालक उभे असतात, म्हणून हे मेसेज करून या. असं काहीतरी:

"काल रात्री दोनदा उठला, ५ नंतर झोपलाच नाही. ७:१५ ला दूध. शी नाही झाली. सर्दी आहे, ताप नाही, औषध काही दिलं नाही. आज न्यायला आजोबा येतील, ५:३०."

ओळी चार, पण यावरून मला कळतं की हा आज ११ लाच पेंगणार, जेवण लवकर द्यायचं, आणि दुपारी किरकिर झाली तर झोपेची आहे, आजाराची नाही.

आता निरोप. मूल रडतं म्हणून त्याचं लक्ष दुसरीकडे वळवून गुपचूप निघून जाणारे पालक खूप असतात आणि त्यांना वाटतं की हा प्रेमळ मार्ग आहे. दोन दिवस चालतो. तिसऱ्या दिवसापासून ते मूल खेळता खेळता दर दोन मिनिटांनी वळून बघायला लागतं, बाथरूमलाही मला एकटी जाऊ देत नाही, कारण त्याला कळलेलं असतं की माणसं न सांगता नाहीशी होतात. त्यापेक्षा दारात खाली बसा, एक मिठी, एक ठरलेलं वाक्य, रोज तेच, "झोपून उठलास की मी येते", आणि निघा. परत वळायचं नाही, चपलांच्या रॅकमागे लपून बघायचं नाही (एक बाबा रोज बघायचे, त्यांची बॅग रॅकच्या वर दिसायची आणि मूल त्या बॅगकडे बोट दाखवून परत सुरू). बहुतेक मुलं तुम्ही जिना उतरेपर्यंत शांत होतात. अर्ध्या तासाने मेसेज करून विचारा, तेवढा तुमचा हक्क आहे.

"मी येते ५ ला" असं लहान मुलाला सांगून उपयोग नाही, त्याला ५ कळत नाही. झोपेनंतर, खाऊनंतर, अंगणात खेळून झालं की, असं सांगा. आणि जे सांगाल तेव्हा या.

दूध आणि डबा

आईचं काढलेलं दूध देत असाल तर बाटलीवर नाव, तारीख आणि काढल्याची वेळ. ताजं काढलेलं दूध साधारण खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशापर्यंत, ४ तास टिकतं, उकाडा जास्त असेल तर त्याहून कमी धरा. फ्रिजमधे ४ दिवस. फ्रीझरमधलं एकदा वितळलं की फ्रिजमधे २४ तासांच्या आत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरवलेलं २ तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. ते ओतताना माझाही जीव जातो, पंप करायला आईला किती वेळ लागतो माहितीये, म्हणूनच एका मोठ्या बाटलीपेक्षा ६०-९० मिलीच्या छोट्या बाटल्या पाठवा, वाया कमी जातं.

फॉर्म्युला असेल तर तयार करून पाठवण्यापेक्षा कोरडी पावडर मोजून वेगवेगळ्या डबीत द्या, डब्यावर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण लिहून द्या. कालवलेलं दूध बाहेर २ तासांवर ठेवायचं नाही आणि बाळाने प्यायला सुरुवात केली की तासाभरात संपवायचं. मायक्रोवेव्हमधे कुठलंच दूध गरम करायचं नाही, बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत मधेच चटका बसेल एवढं गरम असतं. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायची, तुमची सांभाळणारी ताई हे करते का ते विचारून घ्या.

डब्यात मूल घरी जे आणि जेवढं खातं तेच द्या. नवा पदार्थ पहिल्यांदा घरी खायला घालायचा, सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या आत, म्हणजे अंगावर काही उठलं तर तुमच्या समोर उठेल. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर चाटवायलासुद्धा नाही, कारण त्यातून होणारी विषबाधा दुर्मिळ असली तरी बाळाचे स्नायू लुळे पाडणारी असते. अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या चार-पाच वर्षांच्या आतल्या कुणाच्याच डब्यात नकोत. द्राक्षं उभी चिरून चार भाग करून द्या. तुमचं मूल नीट चावून खात असेलही, पण इथे शेजारी दीड वर्षाचं बसलेलं असतं आणि मुलं खाऊ वाटून खातात.

आणि "डबा संपलाच पाहिजे" असा हट्ट सांभाळणाऱ्या बाईकडे धरू नका. किती खाल्लं ते ती खरं सांगेल, जबरदस्तीने भरवलं तरच तो डबा रोज चाटूनपुसून परत येतो.

झोप

एक वर्षाखालच्या बाळासाठी नियम एकच आणि त्यात तडजोड नाही: प्रत्येक वेळी पाठीवर झोपवायचं, सपाट आणि कडक गादीवर, उशी नाही, जाड पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत. बाळ स्वतःहून पालथं व्हायला आणि परत सरळ व्हायला शिकलं असेल तर झोपेत पालथं झाल्यावर उलटवत बसायची गरज नाही, पण ठेवताना पाठीवरच. घरी पोटावर झोपायची सवय असेल तर ती घरी आधी बदला, आणि घरी पाठीवर झोपवत असाल तर तसं सांगून ठेवा, कारण पाठीवर झोपणाऱ्या बाळाला पाळणाघरात अचानक पोटावर झोपवलं की धोका जास्त असतो आणि सांभाळणारीला तुमच्या घरची सवय माहीत नसते. तुम्ही "आमच्याकडे पोटावरच झोपतो" म्हणालात तरी मी तसं झोपवणार नाही. कार सीटमधे झोपलेलं बाळ तसंच आणून "झोपू दे त्यातच" असं म्हणू नका, मान पुढे पडून श्वास अडकू शकतो.

मोठ्या मुलांची दुपारची झोप हा खरा भांडणाचा विषय. "त्याला दुपारी झोपवू नका, रात्री ११ पर्यंत जागतो." समजतं मला. पण १ ते २ वर्षांच्या मुलाला २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते आणि ३ ते ५ वर्षांच्याला १० ते १३, त्यात दुपारचीही धरलेली आहे. सकाळी ६:३० ला उठवलेलं दोन वर्षांचं मूल दुपारी जागं ठेवायचं म्हणजे ते रडणार आणि बाकीच्यांनाही उठवणार. मधला मार्ग असा की दुपारची झोप लवकर घ्यायची आणि ३ च्या आत उठवायचं. चार वर्षांचं नसेल झोपत तर त्याने शांत पडून पुस्तक बघायचं, तासभर. घरीही सुट्टीच्या दिवशी त्याच वेळेला झोपवा, नाहीतर सोमवार आमच्या वाट्याला येतो.

आजारपण

इथे मी कडक आहे. पालकांना राग येतो, येऊ दे.

ताप म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, फॅरनहाइटमधे १००.४, किंवा त्यावर. तेवढा असेल तर पाठवायचं नाही, आणि परत कधी, तर औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हा. "औषध न देता" हे महत्त्वाचं. सकाळी ७ ला तापाचं सिरप पाजून ८ ला आणून सोडलेलं मूल साडेअकरा-बाराला तापायला लागतंच, आम्हाला ते वेळेवरूनच कळतं, आणि तोपर्यंत त्याने सगळ्यांच्या खेळण्यांना तोंड लावून झालेलं असतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ ताप म्हणजे पाळणाघराचा प्रश्नच नाही, थेट डॉक्टर, त्याच वेळी.

उलटी-जुलाब असतील तर शेवटच्या वेळेपासून ४८ तास घरी. काही ठिकाणी २४ धरतात, मी ४८ च धरते, कारण पोटाचे व्हायरस एका घरात आले की सगळी मुलं आणि सांभाळणारीही आडवी. यात हाताला जेल चोळून फार काही होत नाही, साबण आणि पाणी, २० सेकंद.

कांजिण्या झाल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. हात-पाय-तोंडावर पुरळ येणाऱ्या त्या आजारात ताप जाईपर्यंत आणि नवीन फोड येणं, लाळ गळणं थांबेपर्यंत घरी ठेवा. डोळे चिकट पिवळे येत असतील तर डॉक्टर काय म्हणतात त्यावर. उवा सापडल्या तर मूल हातोहात परत पाठवायची गरज नाही, संध्याकाळी घरी जाऊन औषध लावा आणि उद्या या, फक्त सांगा. लाज कसली त्यात, पण न सांगितल्यामुळे महिनाभर सगळ्यांच्या डोक्यात फिरत राहतात.

साध्या सर्दीला मी मूल परत पाठवत नाही. पाठवायला लागले तर पाळणाघर रिकामंच राहील. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षात त्याहून जास्त. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. बघायचं ते मूल. खेळतंय का, पाणी पितंय का, श्वास नीट चाललाय का. ताप नसला तरी दिवसभर कुणाच्या तरी कडेवरच हवं असं निपचित असेल तर ते घरीच बरं, कारण पाच मुलांमधे एकाला दिवसभर कडेवर घेणं कुणालाच जमत नाही. आणि "दात येतायत म्हणून ताप आहे" हे माझ्याकडे चालत नाही. दात येताना अंग किंचित कोमट होईल, ३८ च्या वर जाणारा ताप दुसऱ्या कशाचा तरी असतो.

म्हणून आजारी दिवसाचा प्लॅन मूल बरं असतानाच ठरवा. कुणाची रजा पहिली, आईची का बाबांची, आणि तिसरा माणूस कोण. दुपारी १ ला फोन आल्यावर नवराबायकोचं "तू जा, माझी मीटिंग आहे" सुरू होतं आणि इथे मूल सोफ्यावर तापलेलं पडलेलं असतं.

औषध द्यायचं असेल तर

दिवसातून दोनदा द्यायचं औषध सकाळ-संध्याकाळ घरीच द्या. डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा वेळा बसवून देतात. पाळणाघरात द्यावंच लागलं तर मूळ बाटली, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि कागदावर औषधाचं नाव, किती मिली, किती वाजता, शेवटचा डोस कधी दिला. चहाचा चमचा नाही, सोबत येणारी सिरिंज किंवा मापाचं झाकण. बॅगेत न सांगता औषध टाकायचं नाही, बॅगा खाली असतात आणि मुलं त्या उघडतात.

तापाचं पॅरासिटामॉल वजनावर असतं, म्हणून तो वजनाचा कागद. दोन डोसमधे कमीत कमी ४ तास आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त नाही. थेंबांच्या बाटलीत आणि सिरपमधे औषधाचं प्रमाण वेगळं असतं, घरी थेंब आणि पाळणाघरात सिरप असं केलं की "तेवढंच मिली" दोन्हीकडे लागू पडत नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. आणि तुम्ही ७ ला दिलेलं मला माहीत नसेल आणि मी ९ ला दिलं तर काय होईल याचा विचार करा, म्हणून सकाळच्या मेसेजमधे ती ओळ असते.

दुपारचे मेसेज

दिवसातून एकदा, झोपेच्या वेळी, जेवण-झोप-शी एवढं कळवणं आणि जमलं तर एक फोटो, हे पुष्कळ झालं. दर तासाला व्हिडिओ मागणाऱ्या पालकांना मी स्पष्टच विचारते, मुलांकडे बघू का फोनकडे. दुसऱ्यांची मुलं असलेला फोटो कुठेही टाकायचा नाही.

न्यायला येताना

यादीत नसलेल्या माणसाकडे मूल दिलं जाणार नाही, मग तो सख्खा काका असला आणि मूल त्याच्याकडे बघून हसत असलं तरी. आधी तुमचा फोन, मग त्याचा फोटो किंवा ओळखपत्र. दारात ओशाळवाणं होतं हे मान्य, पण जी बाई अशा वेळी अडवत नाही तिच्याकडे मूल ठेवू नका. यादीतला माणूस पिऊन आला तरी मूल दिलं जाणार नाही, दुसऱ्या पालकाला फोन जाईल. आईबाबा वेगळे राहत असतील आणि ताब्याबद्दल कोर्टाचा काही आदेश असेल तर त्याची कॉपी द्या, तोंडी सांगण्यावर मी कुठल्याच बाजूने अडवू शकत नाही.

उशीर होणार असं कळल्या क्षणी मेसेज करा, निघाल्यावर नको. १० मिनिटांचा आहे का तासाचा ते खरं सांगा. "पाच मिनिटांत पोचते" हे वाक्य पाच वेळा पाठवलं की मुलाला मी काय सांगू?

तुम्ही दारात आलात की मूल एकदम वेड्यासारखं वागतं, चप्पल फेकतं, लोळतं, घरी यायचं नाही म्हणतं, आणि तुम्ही माझ्याकडे संशयाने बघता. दिवसभर शहाण्यासारखं राहून थकलेलं असतं ते, तुम्हाला बघितल्यावर सुटतं. त्या वेळी मालक कोण हा गोंधळ होतो, तो असा मिटवा की तुम्ही उंबऱ्याच्या आत आलात की मूल तुमचं. सोफ्यावर उड्या मारत असेल तर तुम्ही थांबवायचं. आणि दारात अर्धा तास गप्पा नकोत, काही मोठं बोलायचं असेल तर मुलं गेल्यावर फोन करा. गाडीतून उतरताना मागची सीट रोज बघायची सवय लावून घ्या, सकाळीही. झोपलेलं बाळ मागे विसरून ऑफिसला गेल्याच्या घटना चांगल्या आईबाबांकडूनच होतात, रोजचा रस्ता किंवा रोजचा माणूस बदलला की. मी तर पालकांना सांगून ठेवलंय, ठरलेल्या वेळेनंतर मूल आलं नाही आणि मेसेजही नाही तर मी फोन करणार, आणि उचलेपर्यंत करत राहणार.

शिस्त, चावणं, शू

एक ते तीन वर्षांची मुलं चावतात. तुमच्याला कुणीतरी चावेल आणि तुमचंही कुणाला तरी चावेल. कुठे चावलं, किती वाजता, काय केलं हे त्याच दिवशी कळलं पाहिजे, पण कोण चावलं त्याचं नाव मागू नका, मिळणारही नाही. मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, शू केली म्हणून सगळ्यांसमोर हसणं हे कुठल्याच नावाखाली चालणार नाही आणि तुम्ही जरी "एक फटका द्या हो, चालेल" म्हणालात तरी नाही.

शू-शी शिकवायला घरी लांब सुट्टी बघून सुरू करा, मग इथे चालू ठेवू. शब्द आणि वेळा दोन्हीकडे सारख्या. घरी डायपर आणि पाळणाघरात चड्डी असं केलंत की मूल गोंधळतं आणि चादरी मी धुते.

काही खटकलं तर

लहान गोष्टी लगेच आणि तिलाच सांगा, दुसऱ्या पालकांना आधी नको. "काल बॉटल न धुता परत आली" एवढं साधं वाक्य. मनात साठवून तीन महिन्यांनी यादी वाचली की बोलणंच बंद होतं.

पण काही गोष्टींना बोलणी करत बसायचं नाही. न समजणाऱ्या जागी वळ किंवा निळे डाग, म्हणजे मांडीच्या आत, पोटावर, कानामागे, पाठीवर, आणि त्याचं धड उत्तर नाही. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर कुठेही निळा डाग. तुम्ही आधी न सांगता पोचलात की प्रत्येक वेळी दार उघडायला उशीर. मूल विलक्षण सुस्त, घरी आल्यावरही गाढ झोपलेलं. रुळलेलं मूल अचानक त्या बाईचं नाव काढलं तरी दचकायला लागतं. मुलांची संख्या सांगितली त्यापेक्षा सतत जास्त. यातलं काही दिसलं तर मूल त्याच दिवशी घरी आणा, डागांचे तारखेसकट फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा आणि तुमच्याकडे मुलांच्या तक्रारींसाठी जी सरकारी यंत्रणा आहे तिला कळवा, नोटीस पिरियडचा विचार नंतर.

सोडताना

शाळा सुरू झाली किंवा घर बदललं म्हणून सोडत असाल तर ठरलेल्या नोटिशीप्रमाणे सांगा, म्हणजे तिला जागा भरायला वेळ मिळतो. मुलाला आठवडाभर आधीपासून सांगायला लागा, फार आधी नको. शेवटच्या दिवशी चादर, जादा कपडे, उरलेले डायपर, आणि विशेष करून फ्रिजमधलं दूध आणि औषधाची अर्धी बाटली आठवणीने परत न्या. डिपॉझिट दिलं असेल तर त्याच दिवशी हिशोब करून घ्या, मुलाच्या माहितीचा कागद आणि लसीकरण कार्डाची कॉपी परत मागा, न्यायला येणाऱ्यांच्या यादीतून नावं खोडून घ्या, आणि पालकांच्या ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी तुमचा नवा नंबर तिला देऊन ठेवा, एखादा सॉक्स पुढच्या महिन्यात सोफ्याखाली सापडतोच.